उशीवरचं लॅव्हेंडर, मानेवरचा डाग

ओसरी · मंगळवार, रात्री २:१७

वेळ बघूनच कळलं असेल झोपेचं काय चाललंय ते.

जानेवारीत आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मी सीएंच्या ऑफिसात नोकरीला, त्यामुळे मार्चएंड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आता मार्च संपला, आई वॉकर घेऊन चालायला लागली, पण रात्री अडीचला टक्क जाग येते ती येतेच. छातीत धडधड, आणि मग कुठल्यातरी क्लायंटचं न भरलेलं रिटर्न डोळ्यांसमोर नाचत राहतं.

ऑफिसातली एक मैत्रीण चेन मार्केटिंगमधून सुगंधी तेलं विकते. "झोपेच्या गोळ्या नको गं, हे नॅचरल आहे," म्हणत तिने सहा बाटल्यांचा संच गळ्यात मारला. ७,२०० रुपये. हसा खुशाल. लॅव्हेंडर उशीवर, बर्गामोट मनगटाला आणि मानेला, लेमन पाण्यात टाकून प्यायचं, पेपरमिंट कपाळाला, असा सगळा तक्ता तिने दिला. प्यायचं तेवढं धाडस झालं नाही.

बर्गामोट लावून स्कूटरवरून बँकेत गेले, भर दुपारी. दोन दिवसांनी मानेवर लाल पट्टा उठला, आग आग. आता तिथे तपकिरी ओघळ पडलाय, चहा सांडल्यासारखा. मैत्रीण म्हणते, शरीरातले टॉक्सिन्स बाहेर पडतायत.

आता गंमत अशी की लॅव्हेंडरने बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? दोन थेंब रुमालावर टाकून दहा मिनिटं पडलं की श्वास जरा खाली उतरतो. म्हणून धागा काढला. हे खरंच काही करतं, की ७,२०० रुपये गेलेत म्हणून मीच स्वतःला पटवतेय?

---

भपका · मंगळवार, सकाळी ६:४०

ओसरी ताई, आधी तो डाग. टॉक्सिन-बिक्सिन काही नाही. बर्गामोट हे इटलीच्या कालाब्रियात होणारं लिंबाच्या जातीचं फळ, अर्ल ग्रे चहाला वास येतो तो त्याच्याच सालीचा. सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी भाजते आणि मग काळवंडते. डाग जायला काही महिने लागतात, घासू नका, ऊन लागू देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अंगावर राहणाऱ्या वस्तूत हे तेल किती असावं याची आमच्या धंद्यातली मर्यादा ०.४ टक्के आहे. तुम्ही लावलंत १०० टक्के. बर्गाप्टेन काढून टाकलेलं बर्गामोटही मिळतं, पण चेनमधल्या मैत्रिणींना तो फरक माहीत असेल अशी आशा नको.

मी सुगंधी रसायनांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, २६ वर्षं काढली. एक गोष्ट तिथे कायमची डोक्यात बसली. ज्याला आपण 'तेल' म्हणतो ते तेल नाहीच. तिळाचं, खोबऱ्याचं ते तेल. हे उडून जाणाऱ्या द्रव्यांचं अतितीव्र मिश्रण आहे. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे एका थेंबात किती फुलं येतात तो हिशोब करा, आणि ते 'नॅचरल' आहे म्हणून नुसतं चोपडायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

---

उलटतपासणी · मंगळवार, सकाळी ९:०५

भपका काकांनी डागाचं सांगितलं, मी दाव्याचं बघतो.

'अरोमाथेरपी' हा शब्द रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा. १९३७ साली त्याचं याच नावाचं पुस्तक आलं. गोष्ट सगळीकडे अशी सांगतात की प्रयोगशाळेत हात भाजला, त्याने तो शेजारच्या लॅव्हेंडरच्या भांड्यात बुचकळला आणि चमत्कार झाला. प्रत्यक्षात १९१० च्या त्या स्फोटानंतर त्याच्या हातांना गॅस गँगरीन (जंतूंमुळे मांस सडणं) झालं आणि त्यावर त्याने लॅव्हेंडर वापरलं, असं तो स्वतः लिहितो. म्हणजे जंतुनाशक म्हणून. ताण, भावना, 'हृदयचक्र' वगैरे सगळं मागाहून चिकटलेलं.

आता ताणाबद्दल. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००८ मध्ये ५६ जणांवर प्रयोग केला होता. लोकांना लिंबू, लॅव्हेंडर आणि नुसतं पाणी हुंगायला दिलं, बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावले, रक्तातली ताणाची द्रव्यं मोजली, बारीकशी जखम किती वेगाने भरते तेही पाहिलं. काहींना आधी सांगितलं होतं काय अपेक्षा ठेवायची, काहींना नाही. लिंबाच्या वासाने लोकांचा मूड सुधारला. लॅव्हेंडरने तेवढंही झालं नाही! आणि वेदना, जखम, ताणाची द्रव्यं यांवर दोन्हींचा फायदा दिसला नाही.

बहुतेक अभ्यास छोटे असतात आणि एक अडचण मुळातच आहे. गोळीसारखी खोटी गोळी देता येते, खोटा वास कसा देणार? लॅव्हेंडर आहे की नाही हे नाकाला लगेच कळतं.

तर ताई, तुमचा दुसरा पर्याय बरोबर. ७,२०० रुपये.

---

सुगंधसखी · मंगळवार, सकाळी ११:३०

मी हे काम करते म्हणून लिहितेय. दीड वर्षाचा कोर्स केला, नऊ वर्षं झाली, बहुतेक बायकाच येतात. चेनवाल्यांचा मलाही तेवढाच राग आहे, कारण त्यांनी भाजलेले लोक नंतर माझ्याकडे येतात.

पण उलटतपासणी, तुमचं एक पटत नाही. मूड सुधारला हे तुम्ही असं उडवून लावलंत जणू काही झालंच नाही. ज्या बाईला दिवसभरात पाच मिनिटं बरी मिळत नाहीत तिला मूड सुधारणं म्हणजे किरकोळ का?

वापरायचंच तर तीळ, खोबरेल किंवा बदामाच्या ३० मिलि तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. चेहऱ्याला त्याहून कमी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. पोटात काही नाही. बाथटबच्या पाण्यात थेंब टाकले तर ते तरंगतात आणि थेट अंगाला लागतात, त्यामुळे तेही नाही. आपल्याकडे बादलीच असते म्हणा.

आणि कबूल करते, माझ्याकडे तासभर मालिश होते त्यातलं तेलातल्या वासाचं किती आणि कुणीतरी तासभर पाठीवर हात फिरवतंय याचं किती, हे मलाही वेगळं काढता येणार नाही.

---

उलटतपासणी · मंगळवार, सकाळी ११:५२

शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. तेवढं जाहिरातीत लिहा, मी पहिला गिऱ्हाईक.

---

बोक्याची आई · मंगळवार, दुपारी १:१५

ओसरी ताई, घरात मांजर आहे का? असेल तर डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र, बंद. मांजरांच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. आमच्या बोक्याच्या मानेला पिसवांसाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून टी ट्री नावाच्या झाडाचं तेल लावलं होतं. तासाभरात मागचे पाय लटपटायला लागले, लाळ गळायला लागली. दवाखान्यात दोन दिवस. वाचला. कुत्र्यांनाही टी ट्री चालत नाही.

---

नेकारकाठ · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

श्टुटगार्टहून. इथे एक वेगळाच प्रकार आहे तो सांगते, कारण वरच्या चर्चेत हुंगणं आणि गिळणं यांची सरमिसळ होऊ शकते.

जर्मनीत औषधांच्या दुकानात लॅव्हेंडर तेलाची कॅप्सूल मिळते, ८० मिलिग्रॅम, दिवसाला एक. अस्वस्थता आणि चिंताग्रस्त मनःस्थिती यांसाठी तिला औषध म्हणून रीतसर मान्यता आहे. तिच्यावर बऱ्यापैकी मोठे प्रयोग झालेत, एक तर लोराझेपाम या चिंतेवरच्या गोळीच्या कमी डोसशी तुलना करून, आणि निकाल वाईट नाहीत. फक्त त्यातले बरेचसे ते औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केलेले आहेत, तेवढं मीठ घालून वाचायचं. मला इथल्या डॉक्टरांनी दिली होती, तीन महिने घेतली. फरक पडला असं वाटतं. ढेकर मात्र लॅव्हेंडरचे येतात, मीटिंगमध्येसुद्धा.

हे वाचून कृपा करून बाटलीतलं तेल चमच्यात घेऊ नका. कॅप्सूलमध्ये काय आणि किती आहे ते मोजलेलं असतं, बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

---

रात्रपाळी · बुधवार, पहाटे ४:०५

लहान मुलांच्या विभागात नर्स आहे. बाटलीतलं तेल चमच्यात घेऊ नका, हे वरचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कापूर हा आपल्याला देवघरातला वाटतो, त्यामुळे त्याची भीती नाही. सर्दी झाली की पुरचुंडीत बांधून बाळाच्या गळ्यात. मूल ती तोंडात घालतं. कापूर पोटात गेला की काही मिनिटांत झटके येऊ शकतात. निलगिरीच्या तेलाचंही तेच, एक चमचासुद्धा लहान मुलाला भारी पडतो. मोठ्यांनाही फिट्सचा त्रास असेल तर कापूर-निलगिरीच्या बामांपासून लांब राहिलेलं बरं. आणि गंधपुऱ्याचं तेल, जे सांधेदुखीला चोळतात, ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या घरातलं. ओसरी ताई, आईंचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ते तेल लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता तुमचं. जानेवारीपासून म्हणजे तीन-साडेतीन महिने झाले. रोज अडीचला जाग आणि धडधड, ही रुमालावरच्या थेंबांची गोष्ट राहिलेली नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि एकदा मनाच्या डॉक्टरांशी बोला. लगेच जाणं जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. मी रात्रपाळीत आहे म्हणून सांगते, अडीचला जाग्या असणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

---

पोथीवाचक · बुधवार, सकाळी १०:१०

जरासं अवांतर, पण 'नॅचरल आणि प्राचीन' या जोडगोळीमुळे लिहितो.

आपल्याकडे गंधशास्त्र होतंच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंध बनवण्याचा, स्वतंत्र अध्याय आहे. गंगाधराचा 'गंधसार' आहे, आणि त्याच्यासोबत 'गंधवाद' नावाचा ग्रंथ, ज्यावर चक्क जुनी मराठी टीका आहे! पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी तो उजेडात आणला. सुगंधावर मराठीत काहीशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून टीका लिहिली, ही गोष्ट मला अजूनही सुखावते.

आता गंगाधर या शास्त्राचे फायदे काय सांगतो? देवपूजेला उपयोगी, माणसांना पुष्टी देणारं, राजांना संतोष देणारं, चतुर स्त्रियांचं मन रमवणारं, आणि अलक्ष्मी घालवणारं. ताण, निद्रानाश कुठे नाही. सुगंध आनंदासाठी आहे असं तो सरळ सांगून टाकतो, त्याला थेरपीचं सर्टिफिकेट लागत नाही.

अलक्ष्मी कुणाची जाते, ते ओसरींच्या मैत्रिणीला विचारा.

---

भपका · बुधवार, सकाळी १०:४५

ह्या ह्या ह्या. हे लॅबच्या भिंतीवर लावायला हवं होतं.

उलटतपासणींना एक उत्तर राहिलं होतं. वास नुसता 'वाटण्याचा' खेळ आहे हे अर्धवट आहे. बाकीच्या इंद्रियांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या चौकीतून जातात. वासाचा निरोप नाकामागच्या गंधकंदातून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. म्हणून वास आला की आधी पोटात काहीतरी हलतं आणि मग आठवतं की हा शाळेच्या दप्तराचा वास. पण त्यातून असं निघत नाही की लॅव्हेंडर सगळ्यांना शांत करेल. ज्याचं लहानपण लॅव्हेंडरच्या फिनाइलने पुसलेल्या इस्पितळात गेलं त्याला तोच वास घाबरवेल.

आणि बाटलीबद्दल. लेबलवर झाडाचं लॅटिन नाव, काढण्याची पद्धत आणि बॅच नंबर नसेल तर ठेवून द्या. 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'डिफ्यूझर ऑइल' म्हणजे बहुधा कारखान्यातलं मिश्रण. मोगऱ्याचं 'इसेन्शियल ऑइल' शंभर रुपयांना मिळत असेल तर ते मोगऱ्याचं नाही एवढं लिहून देतो. मोगरा वाफेवर नीट निघतच नाही. कनौजला डेग-भपक्यात, म्हणजे अत्तर उतरवायच्या पारंपरिक तांब्याच्या भांड्यांत, चंदनाच्या तेलावर त्याचं अत्तर उतरवतात, नाहीतर सॉल्व्हंटने काढतात. दोन्ही महाग. लॅव्हेंडर मात्र आता आपल्याकडचं चांगलं मिळतं, जम्मूत भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लावलंय.

आणखी एक. पाण्यात चार थेंब टाकून स्प्रेची बाटली भरायची आणि महिनाभर वापरायची, हे करू नका. तेल पाण्यात विरघळत नाही आणि साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. २०२१ साली अमेरिकेत लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या एका रूम स्प्रेमधून मेलिऑइडोसिस हा जिवाणूंचा आजार पसरला होता. चार जण आजारी, त्यातले दोघे गेले. स्प्रे आपल्या भारतात बनलेला. लाज वाटली होती तेव्हा.

---

वासच_नाही · बुधवार, रात्री ९:३०

मी दुसऱ्या टोकावरून लिहितो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला आणि वास गेला. पूर्ण. पंधरा दिवसांत येईल म्हणाले, सात महिने आला नाही. चव जाते हे सगळे सांगतात. पण घर परकं वाटायला लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी तेव्हा दीड वर्षाची, तिच्या टाळूला नाक लावायचो आणि काहीच नाही. पाऊस पडला, काहीच नाही. फोडणी करपली, धूर दिसल्यावर कळलं. हळूहळू मी गप्प होत गेलो. बायकोच्या लक्षात आधी आलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे. चार बरण्यांत कापूस, त्यावर थेंब. एकेक बरणी नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. नुसतं हुंगायचं नाही, आठवायचं. पहिले दोन महिने मी चार बरण्यांसमोर बसून मूर्खासारखा आठवत होतो.

लवंग पहिली आली. अगदी पुसट, आणि थोडी जळकट. आई दातदुखीला लवंगेचा बोळा ठेवायची तो. रडलो, खोटं नाही.

तेव्हा सुगंधाने ताण जातो का, मला सांगता येणार नाही. नसला तर काय होतं ते सांगितलं.

---

उलटतपासणी · बुधवार, रात्री ९:४८

यावर उलटतपासणी नाही.

---

रोशा · गुरुवार, सकाळी ८:००

नंदुरबार जिल्ह्यातून. सगळे फ्रान्स-इटलीचं बोलून राहिले, आमचंबी तेल आहे भाऊ.

रोशा गवत माहीत आहे का? तुमच्या पुस्तकात पामारोझा. आमच्या अक्राणी-तळोद्याच्या डोंगरात, तिकडे पिंपळनेरपर्यंत आपोआप उगवायचं. इंग्रजांच्या काळात खान्देशातून याचं तेल मुंबईला जायचं, तिथून तांबड्या समुद्रातून थेट कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल), आणि तिकडे ते गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळायचे. म्हणजे सुलतानाच्या गुलाबतेलात आमचं गवत होतं! दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचा वास गुलाबासारखा, सोफियाचा थोडा आल्यासारखा.

आजोबांच्या वेळची भट्टी आता नाही. पण घरात बाटली असायचीच, गुडघ्याला तिळाच्या तेलात मिसळून चोळायची, मच्छरलाही चालायचं. आजोबा रात्री पायाला लावायचे, खाटेवर बसून, सावकाश, एकेक बोट. अर्धा तास. कुणी बोलायचं नाही त्या वेळी त्यांच्याशी. ताण गेला का म्हणून विचारलं असतं तर शिवी दिली असती.

---

ओसरी · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार, उशिराने.

रात्रपाळी ताई, तपासण्या केल्या. थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. १४४१६ ला एकदा रात्री फोन केला, पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, आता एका समुपदेशक बाईंकडे जातेय. आईची रक्त पातळ करणारी गोळी चालू होतीच, आणि शेजारच्या काकूंनी गंधपुरा आणूनही दिला होता. तो परत केला. जाग अजून येते, पण रोज नाही.

संच मैत्रिणीला परत द्यायला गेले तर म्हणाली सील फुटलंय. लॅव्हेंडर ठेवलं, लिंबू ठेवलं (ओहायोवाल्यांच्या मानाखातर). बर्गामोट ठेवलंय खरं, पण ते फक्त ऑफिसच्या ड्रॉवरात, झाकण उघडून दुरून हुंगायला. डाग फिका होतोय. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी भपका काकांसारखंच सांगितलं, फक्त पाचशे रुपये घेऊन.

एक सापडलं ते सांगते. रोशा भाऊंचं वाचल्यापासून रात्री आईच्या पायांना खोबरेल लावते. एक टक्का लॅव्हेंडर, मोजून. वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असतो. आई म्हणते वास हॉटेलच्या साबणासारखा येतो, पण पाय मागे घेत नाही.

रोशा भाऊ, ते मोतियाचं तेल कुठे मिळेल?

---

रोशा · रविवार, सकाळी ८:२०

व्यनि (खासगी निरोप) केला आहे. एका ओळखीच्या माणसाकडे आहे, छोटी बाटली पाठवतो. लॅटिन नाव आणि बॅच नंबर नाही बरं, भपका काका रागावतील.

---

भपका · रविवार, सकाळी ८:२६

रागावणार नाही. पण मलाही एक पाठवा, क्यूसीसाठी.